पैलतीरीचा शेजारधर्म

‘पैलतीर’ हा शब्द आम्हां वारकऱ्यांच्या जिभेवर परमार्थाचा म्हणून रुळलेला आहे. भवनदीच्या पलीकडचा काठ, नाम ही नाव आणि पांडुरंग नावाडी, हे रूपक कीर्तनात किती वेळा लाविले असेल त्याची गणती नाही. आज मात्र पैलतीर अगदी साध्या अर्थाने घ्यावयाचा आहे. पुणे शहराच्या उत्तर अंगास मुळा नदी वाहते. बोपोडीकडून हॅरिस पूल ओलांडला की दापोडी लागते, आणि तेथून पुढे फुगेवाडी, कासारवाडी, भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी वस्ती पसरत जाते. आमच्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतल्या कितीतरी घरांचा संसार आज या तीरावर आहे. गावाकडे घराला कुलूप, नाहीतर एक म्हातारं माणूस आणि एक गाय. बाकी मंडळी भोसरीला. दिवाळीला आणि यात्रेला ओटा भरतो, एरवी ओस.

आमच्या लोकांची जुनी वाट मुंबईची. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू पोट भरायला मुंबईच्या गिरणीत गेला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा होऊन देशासाठी मेला. मुंबईचे डबेवाले मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच भागांतले. पुढे वाट वळली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झाले, आणि माळरानावर कारखान्यांच्या ओळी लागल्या. १९७२ च्या दुष्काळाने घराघरांतून एकेक तरणा मुलगा बाहेर काढला. पुढे डिंभ्याच्या धरणात खुद्द आंबेगाव पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव राहिले, गाव राहिले नाही. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण करीत नाशिक रस्त्याने खाली उतरणारी एस. टी. इंद्रायणी ओलांडून भोसरीला येते, म्हणून आमची माणसे तेथेच उतरली आणि तेथेच राहिली. पिंपरी-चिंचवडला १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. आणि २०११ च्या खानेसुमारीत या शहराची माणसे १७ लाख २७ हजारांवर मोजली गेली.

एवढी माणसे एका प्रांतातून येत नाहीत. फाळणीनंतर आलेले सिंधी बांधव पिंपरीच्या कॅम्पात आहेत. कारखान्यांबरोबर केरळ, तामिळनाडू, कर्नाटक, आंध्र येथले कामगार आले. लातूर, बीड, धाराशिवकडचे लोक आले. बिहार आणि उत्तर प्रदेशातले आले. मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, शीख आहेत. बौद्ध बांधवांची मोठी वस्ती आहे. जवळच देहूरोडला बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी स्वहस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली. एका इमारतीच्या एका जिन्यावर चार दारे असतात. एका दारावर आमची तुळशीची माळ घातलेली माउली, समोर अय्यप्पाचे व्रत धरून काळी वस्त्रे नेसलेला मल्याळी, वरच्या मजल्यावर नाताळला कागदी चांदणी टांगणारे घर, खाली रमजानात पहाटे उठणारे. पाण्याचा नळ सर्वांचा एक, मोटार सर्वांची एक, आणि मोटार बिघडली की होणारी कटकटही सर्वांची एकच.

अशा ठिकाणी एक प्रश्न पडतो, आणि तो नुसता बुद्धीचा नाही. भोसरीकडे एका सप्ताहात आमची कीर्तनसेवा झाली. ज्या घरी उतरलो होतो ते गृहस्थ आंबेगावचे, निष्ठावंत वारकरी, आषाढी न चुकविणारे. कष्टाने चार मजले उभे केलेले, त्यांतल्या खोल्या भाड्याने दिलेल्या. रात्री पान लावता लावता ते म्हणाले, “महाराज, मागं एक जोडपं खोली विचारायला आलं होतं. मुसलमान, तिकडं उत्तरेकडचे. तो वेल्डिंगचं काम करतो, दोन लहान पोरं. खोली रिकामी होती. मी सांगितलं, भरली. मग ती माणसं नदीकाठच्या पत्र्याच्या खोलीत राहिली. पावसाळ्यात धरणाचं पाणी सोडलं तेव्हा त्यांचं सगळं भिजलं असं कळलं. तेव्हापासून मनाला लागलंय. खोटं बोललो हे मला समजतंय. पण बाकी काही चुकलं का? आपली माळ, आपलं घर, वर तुळशीवृंदावन. आपल्या माणसांत आपलीच माणसं बरी, असं वाटतं.”

प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही त्या वेळी थोडक्यात जे सांगितले, तेच येथे विस्ताराने मांडतो. कारण हा प्रश्न त्या एका गृहस्थाचा नाही, पैलतीरावर घर बांधलेल्या आपल्यातल्या पुष्कळांचा आहे.

शास्त्राची रीत अशी की आधी पूर्वपक्ष मांडावा, तोही प्रतिपक्ष्याला स्वतःला मांडता येणार नाही इतका नेटका. तो असा. एक, घर माझे. ते कोणास द्यावे हे ठरविण्याचा अधिकार माझा. दोन, आम्ही माळकरी. शेजारी मांस-मासळी शिजली तर आचार कसा टिकावा? तीन, पोरे जिन्यावर हिंदी बोलतात, सण विसरतात; परकी माणसे वाढली की आपले संस्कार जातात. चार, परमुलखात आपल्याला आपलेच लोक उपयोगी पडतात, मग त्यांना आधी का न पाहावे? या चारांपैकी एकही कारण हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गाव सोडून आलेल्या माणसाच्या मनात भीती असते, आणि भीती ही पापबुद्धी नव्हे. पण भीतीला न्यायासनावर बसविता येत नाही.

प्रथम खोट्याचा विचार करू. ‘खोली भरली’ असे का सांगावे लागले? खरे कारण तोंडावर सांगता आले नाही म्हणून. जे कारण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून सांगता येत नाही, ते आपल्या स्वतःच्या मनालाही पुरते पटलेले नसते. ‘भाडे दोन महिने आगाऊ पाहिजे,’ हे आपण मोकळेपणाने सांगतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. ‘तुमचा धर्म वेगळा म्हणून देत नाही,’ हे म्हणताना जीभ अडखळते. त्या अडखळण्यालाच आम्ही अंतर्यामी म्हणतो. गृहस्थाच्या तोंडी असत्य आले ते दुसऱ्या एका दोषावर पांघरूण घालण्यासाठी, आणि तो दोष म्हणजे भेद.

आता अधिकार. घर त्यांचे आहे, यात वाद नाही. राहणारा भाडे वेळेवर देईल काय, पाणी जपून वापरील काय, दारू पिऊन दंगा करील काय, हे घरमालकाने अवश्य पाहावे, चार ठिकाणी विचारावे. ही माणसाच्या वागणुकीची पारख झाली. पण नाव ऐकताच, वागणूक पाहण्याच्या आधीच जो नकार येतो, तो कोणत्या पारखीचा? आमच्या लोकांनी हा नकार पिढ्यान्‌पिढ्या सोसलेला आहे. चोखोबांची वागणूक कोणी पाहिली होती? जन्म पाहून त्यांना महाद्वाराबाहेर ठेवले, आणि त्यांची समाधी आजही महाद्वारापाशी आहे. ते दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले. देवाच्या दाराविषयी हा निकाल लागून इतकी वर्षे झाली. भाड्याच्या खोलीचे दार देवाच्या दाराहून सोवळे कसे?

ज्ञानदेवांच्या घराची गोष्ट लहान पोरांनाही ठाऊक आहे. मुक्ताईला मांडे भाजायला खापर पाहिजे होते आणि विसोबांनी कुंभारांना सांगून ठेविले की या संन्याशाच्या पोरांना खापर द्यावयाचे नाही. पुढे ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले गेले ही आख्यायिका आपण रंगवून सांगतो, श्रोते डोळे पुसतात. पण त्यातला कुंभार कोणी पाहत नाही. खापर त्याच्याकडे होते. रिकामे होते. त्याने ‘नाही’ म्हटले. आमचे म्हणणे इतकेच की कीर्तनात आपण मुक्ताईसाठी रडतो आणि घरी आलो की कुंभाराच्या जागी बसतो, हे बरे नव्हे. मात्र ही कथा निराशेची नाही. तेच विसोबा पुढे शरण आले, विसोबा खेचर झाले आणि नामदेवरायांचे गुरू ठरले. नकार देणाऱ्याचे मनही वळते, हा तिचा शेवट आहे.

दुसरे कारण आचाराचे. आचार मोलाचा आहे. माळ घालून ती सांभाळणे ही चेष्टा नव्हे. पण आचार कोणाचा कोणी सांभाळावयाचा? मुंबईच्या डबेवाल्याकडे पाहा. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर पांढरी टोपी, आणि हातगाडीवर शेकडो घरांचे डबे. एखाद्या डब्यात बोंबील असेल, एखाद्यात मटण असेल. तो डबा उघडून पाहत नाही, नाक मुरडत नाही, आणि वेळ चुकवीत नाही. संध्याकाळी आपल्या घरी भाजी-भाकर खातो आणि एकादशी धरतो. दुसऱ्याचा डबा वाहिल्याने त्याची माळ विटाळली असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. भुकेल्याला त्याच्या घरचे अन्न वेळेवर पोचते ही त्याची सेवा, आणि स्वतःच्या ताटापुरता त्याचा नेम. स्वतंत्र दाराच्या खोलीत दुसरा काय शिजवितो याला हाच न्याय लावावा. आपल्या चुलीचा नेम आपल्या चुलीपाशी कडक असावा; शेजाऱ्याच्या चुलीपर्यंत तो नेला की तो नेम राहत नाही, अंमल होतो.

तिसरे कारण भाषेचे आणि संस्कारांचे. येथे आमचे एक कठोर म्हणणे आहे. पोरगा जिन्यावर मित्राशी हिंदी बोलला म्हणून मराठी जात नाही. घरात आई, बाप आणि पोर तिघे तीन मोबाईलवर मान घालून बसतात, संध्याकाळी हरिपाठ होत नाही, आजोबांना वर्षातून दोनदा भेटतात, तेथे मराठी जाते. स्वतःच्या घरातली गळती शेजाऱ्याच्या नावावर मांडू नये. नामदेवरायांकडे पाहा. ते पंजाबात गेले, घुमान येथे राहिले, तिकडच्या लोकांच्या बोलीत पदे केली. त्यांची ६१ पदे शीख बांधवांच्या ग्रंथसाहेबात आहेत. त्यांची मराठी गेली काय? अभंग आजही आपल्या ओठांवर आहेत. परक्या भाषेत गेल्याने आपला एक संत दोन प्रांतांचा झाला. पिंपरीत एखाद्या सरदारजींकडे ‘भगत नामदेव’ एवढे नाव काढून पाहावे. ते कसे हात जोडतात ते दिसेल.

चौथे कारण आपल्या माणसांचे. ‘आपले’ हा शब्द मोठा गोड, पण त्याला बूड नाही. भोसरीत असताना जुन्नर-आंबेगावचे सगळे आपले. नारायणगावी आलो की ओतूरचा निराळा आणि आळ्याचा निराळा. गावात आलो की आपली वाडी आणि त्यांची वाडी. वाडीत आलो की आपली भावकी. आणि भावकीत पाहावे तर दोन सख्खे भाऊ हातभर बांधावरून कोर्टात. ‘आपले’ म्हणत म्हणत आत गेलो तर शेवटी एकटा अहंकार उरतो, दुसरे कोणी उरत नाही. म्हणून संतांनी हा शब्द आत न ओढता बाहेर पसरावयाला शिकविले. मुलखातल्या माणसाला आधी हात द्यावा, यात गैर काही नाही. त्याला हात देताना दुसऱ्यावर दार लोटू नये, इतकेच.

आणि परके म्हणजे तरी कोण? आमच्या जुन्नरकडे पाहावे. नाणेघाटाने कोकणच्या बंदरांतला माल चढून जुन्नरास येत असे, त्याबरोबर दूरदेशीची माणसे येत. जुन्नरच्या लेण्यांत इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले शिलालेख आहेत, त्यांत यवनांची दाने कोरलेली आहेत. एका यवनाने पाण्याच्या दोन पोढी खोदून दिल्या, दुसऱ्याने भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडच्या वंशाची माणसे आमच्या डोंगरात आली आणि त्यांनी काय दिले? पाणी आणि जेवावयाला जागा. पुढे निजामशाहीचा उदय जुन्नरात झाला, आणि त्याच जुन्नरच्या शिवनेरीवर १६३० साली शिवछत्रपती जन्मले. परक्याला न पाहिलेले जुन्नर कधी नव्हतेच. आळे येथे तर रेड्याची समाधी आहे. वेद बोलविणाऱ्याने पशूला परके मानले नाही, आणि आम्ही माणसाला मानावे?

त्या गृहस्थांना आम्ही एकच उलट प्रश्न केला : “माउली, तुमच्या वडिलांना इकडे पहिली खोली कोणी दिली?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “दापोडीत एका ख्रिस्ती म्हातारीनं. वडील सांगायचे, दुष्काळाचं साल, अंगावरचे कपडे आणि एक वळकटी. तिनं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. म्हणाली, पगार झाला की भाडं दे.” एवढे बोलून त्यांनी स्वतःच पुढचे ओळखले. आम्हांला निराळे निरूपण करावे लागले नाही.

संस्कृतात ‘पर’ हा शब्द मोठा विलक्षण आहे. पर म्हणजे दुसरा, पर म्हणजे पलीकडचा, पर म्हणजे शत्रूसुद्धा. आणि पर म्हणजे श्रेष्ठ, जसे परब्रह्म, परमात्मा. परक्यात शत्रू पाहावयाचा की परमात्मा, हे शब्दाने आपल्यावर सोपविले आहे. शेजाऱ्याला संस्कृतात ‘प्रतिवेशी’ म्हणतात, म्हणजे समोर राहणारा. आणि ‘उप’ म्हणजे जवळ. देवाजवळ बसणे ती उपासना, देवाजवळ राहणे तो उपवास, नगराजवळ वसले ते उपनगर. महिन्यातून दोन एकादश्यांना उपवास करणाऱ्याने उपनगरात माणसाजवळ राहावयाला भ्यावे, हे व्याकरणालाही शोभत नाही!

कोणी म्हणेल, महाराज, मग सगळे एकच करून टाका, माळ कशाला नि टिळा कशाला? तसे आम्ही म्हणत नाही. वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडतात. म्हणून काही दिंड्यांचे क्रमांक पुसले जात नाहीत, ज्याचा त्याचा फड मोडत नाही. आपला नेम सोडू नये, माळ उतरवू नये, घरात मराठी आणि हरिपाठ यांत खंड पडू देऊ नये. ज्याला स्वतःचे घर आहे तोच पाहुण्याला या म्हणू शकतो.

धर्म दोन्ही अंगांनी पाळावयाचा असतो, म्हणून आपल्या मंडळींना दुसरीही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आपले सप्ताह पैलतीरावर मोठ्या प्रमाणात होतात, आनंद आहे. पण काकड्याला पहाटे चार वाजता चौकात कर्णे लागतात, तेव्हा तिसऱ्या पाळीवरून येऊन नुकताच डोळा लागलेला कामगार त्याच चौकात राहतो. कोणाची मुलगी परीक्षेला बसलेली असते, कोणाची आई आजारी असते. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकास मनाई आहे. पण वारकऱ्याला सरकारने सांगावे लागावे काय? टाळ-मृदंगाला कर्ण्याची गरज शतकानुशतके पडली नाही. दमून झोपलेल्या माणसातही विठ्ठलच झोपलेला आहे, त्याला दचकवून जागा करणारी काकड आरती कोणाची? आणि दुसऱ्याच्या प्रार्थनेच्या आवाजाविषयी तक्रार करावयाची असेल, तर आधी आपला कर्णा उतरवून मग बोलावे. त्या बोलण्याला वजन येते.

हे सारे आम्ही नवे सांगत नाही. तुकोबारायांची पालखी देहूहून निघते, तेव्हा प्रस्थानानंतर अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तेथे अभंग-आरती होते, मग पुढे चालते. मुक्काम आकुर्डीचा. दुसरे दिवशी पिंपरी, कासारवाडी, दापोडी करीत ती हॅरिस पुलावरून मुळा ओलांडते. म्हणजे ज्या पैलतीराविषयी आपण बोलतो, तेथूनच तुकोबा दर वर्षी चालत जातात. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाणी, चहा, केळी घेऊन कोण कोण उभे असते ते पाहावे. कोणी वारकऱ्याची जात विचारून पाणी देत नाही, आणि वारकरी देणाऱ्याची जात विचारून पीत नाही. एक दिवस जे रस्त्यावर जमते, ते वर्षभर जिन्यावर का जमू नये?

नद्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. आमची कुकडी आणि घोड सह्याद्रीत उगवतात. पवना, मुळा, इंद्रायणी दुसऱ्या खोऱ्यांतल्या. गावाकडे आपण एकीचे पाणी प्यालो, येथे दुसरीचे पितो. पण या सगळ्या शेवटी भीमेला मिळतात, आणि तीच भीमा पंढरीस चंद्रभागा म्हणविते. चंद्रभागेत स्नान करताना यातले पाणी कुकडीचे कोणते आणि मुळेचे कोणते, हे कोणी निवडून घेतले आहे काय?

तात्पर्य, पैलतीरावर राहणाऱ्या वारकऱ्याने चार गोष्टी धराव्यात. खोली देताना माणसाची वागणूक पाहावी, जन्म पाहू नये. नेम आपल्या चुलीपाशी ठेवावा. आपला गजर दुसऱ्याच्या झोपेवर घालू नये. आणि जी खोली रिकामी आहे तिला भरली म्हणू नये. पैकी एखादी आज जमली नाही तरी खंत करीत बसू नये, उद्या धरावी. वारीसुद्धा पायरी पायरीनेच होते.

आणि अगदी सोपे काही हवे असेल तर हे करावे. जिन्यावर समोर राहणाऱ्याचे नाव ठाऊक नसेल, तर येत्या एकादशीच्या आत ते विचारून घ्यावे. फराळाची वाटी द्यायला मग दार सापडते.

रामकृष्णहरि.